जुन्या गाडीचे नवे डोळे

मोटारीच्या दिव्यांसारखा विषय या मासिकाच्या पृष्ठांवर पाहून कित्येक वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. ज्या गोष्टीचा निकाल बाजारांतला कारागीर पाव तासांत लावतो, तिच्यासाठीं इतिहासाचीं पानें चाळण्याचें प्रयोजन काय, असें ते विचारतील. आमचेंही मत काल-परवांपर्यंत याहून निराळें नव्हतें. परंतु नेरुळास राहणाऱ्या आमच्या एका वृद्ध स्नेह्यांनीं आपल्या जुन्या पद्मिनी गाडीला कोणते दिवे बसवावेत, असा साधा प्रश्न आम्हांस केला. आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतां आम्ही पालखीपुढें धावणाऱ्या मशालजीपर्यंत जाऊन पोहोंचलों. वाटेंत जें दिसलें तें येथें मांडीत आहों.

प्रथम गाडीची ओळख करून दिली पाहिजे. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुढें इटलीच्या फियाट कंपनीच्या नमुन्याबरहुकूम गाड्या बाहेर पडूं लागल्या. १९६४ च्या सुमारास आलेली फियाट अकराशें डिलाईट हीच कांहीं काळ प्रेसिडेंट व नंतर, १९७४ पासून, पद्मिनी या नांवानें ओळखली जाऊं लागली. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर तिचें उत्पादन थांबलें. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या वेषांत तिनें मुंबईची दीर्घकाळ सेवा केली. २००३ च्या ऑक्टोबरांत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून निवृत्त झाली. आतां ज्या पद्मिनी उरल्या आहेत त्या खासगी मालकांच्या, आणि बहुतेक केवळ जिव्हाळ्यापोटीं राखलेल्या.

आमचे स्नेही महिन्यांतून एकदां तरी सायन-पनवेल रस्त्यानें आणि पुढें जुन्या पुणें रस्त्यानें खोपोलीपर्यंत जातात. परततांना रात्र होते. त्यांची तक्रार अशी कीं, समोरून येणाऱ्या नव्या गाड्यांचा पांढराशुभ्र झोत डोळ्यांवर आला म्हणजे रस्ता, कडेचा दगड, पायीं चालणारा माणूस, कांहींच दिसेनासें होतें. आणि त्या प्रकाशाच्या भिंतीपुढें आपल्या गाडीचे पिवळे दिवे तुळशीपुढच्या पणतीसारखे केविलवाणे वाटतात. एका दुकानदारानें त्यांना उपाय सांगितला. जुना गोळा काढून त्याच खोबणींत पांढऱ्या एलईडीचा गोळा बसवावा. प्रकाश तिपटीनें वाढेल, खर्च थोडा आणि काम दहा मिनिटांचें. स्नेही जवळजवळ तयार झाले होते. ते आम्हांस म्हणाले, "समोरचा मला आंधळा करून जातो, मग मींच तेवढें मिणमिणत कां जावें?"

या प्रश्नांतील रोख आमच्या मनाला लागला. तो दिव्याचा प्रश्न राहिला नव्हता. तो रस्त्यावरच्या दोन माणसांमधील व्यवहाराचा प्रश्न झाला होता. हा व्यवहार पूर्वीं कसा चालत असे, तें पाहूं.

रेल्वे व मोटार येण्यापूर्वीं रात्रीचा प्रवास हा शक्य तोंवर टाळण्याचा विषय होता. ज्यांना तो टाळतां येत नसे, त्यांच्या पालखी-मेण्यापुढें मशालजी चाले. एका हातांत चिंध्या गुंडाळलेली मशाल, दुसऱ्या हातांत तेलाचें भांडें, आणि ज्वाला मंदावली कीं तिजवर तेलाची धार. हा दिवा मिणमिणता व धुरकट खरा. पण त्याला एक गुण होता जो पुढच्या कोणत्याही दिव्याला पुरता साधला नाहीं. तो माणसाच्या हातीं होता. समोरून कोणी आलें तर मशालजी मशाल बाजूला धरी. खड्डा आला तर ती खालीं करी. प्रकाश कोठें पडावा आणि कोठें पडूं नये, हें ठरविणारी बुद्धि प्रकाशाच्या शेजारींच चालत असे.

बैलगाडीची तऱ्हा याहून वेगळी. तिच्या आंसाखालीं टांगलेला कंदील रस्ता दाखविण्यासाठीं नसे. बैलांना वाट ठाऊक असे, आणि गाडीवान पुष्कळदां झोंपलेलाही असे. तो कंदील असे तो पुढून-मागून येणाऱ्यास येथें गाडी आहे हें कळावें म्हणून. येथें एक भेद लक्षांत ठेवण्यासारखा आहे. दिव्याचीं कामें दोन : एक आपल्याला दिसावें हें, आणि दुसरें आपण दिसावें हें. मशाल पहिल्या कामाची, कंदील दुसऱ्या कामाचा. मोटारीच्या दिव्याच्या इतिहासांतील बराचसा घोटाळा हीं दोन कामें एकाच दिव्यावर लादल्यामुळें झाला आहे.

ज्या रस्त्यानें आमचे स्नेही जातात त्याच्या पुढचा बोरघाट सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत, १८३० सालीं, चाकाच्या गाड्यांना खुला झाला. मुंबई शहरांत १८६५ मध्यें रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले आणि १८८२ मध्यें क्रॉफर्ड मार्केटांत विजेचा प्रकाश पडला. शहर असें उजळत गेलें तसतसें व्हिक्टोरियाच्या कडेला लावलेल्या बत्तीचें काम केवळ दिसण्यापुरतें राहिलें. परंतु ठाण्यापलीकडे अंधाराचें राज्य अबाधित होतें. त्या काळीं, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षें, मुंबईहून पुण्यास जाणारी सडक ठाणें, मुंब्रा, शिळफाटा, पनवेल अशी वळसा घेऊन जाई. आज जेथें वाशी, नेरुळ आणि बेलापूर हीं उपनगरें वसलीं आहेत, तेथें आगरी-कोळ्यांचीं गांवें, भातखाचरें आणि मिठागरें होतीं.

एकोणिसावें शतक सरतां सरतां मुंबईंत मोटार आली, आणि १९११ मध्यें भाड्याच्या टॅक्सी धावूं लागल्या. या यंत्राच्या वेगाला घोडागाडीची मेणबत्ती पुरी पडणें शक्य नव्हतें. आरंभीच्या मोटारींना जो दिवा मिळाला तो ॲसिटिलीन वायूचा. कॅल्शियम कार्बाईड या करड्या दगडासारख्या पदार्थावर थेंबथेंब पाणी पाडलें कीं हा वायु निघतो, आणि तो पेटविला असतां प्रखर पांढरी ज्योत मिळते. एडमंड डेव्ही यानें १८३६ मध्यें या वायूचा शोध लावला होता; पण १८९२ मध्यें अमेरिकेंत टॉमस विल्सन यास विजेच्या भट्टींत कार्बाईड विपुल करण्याची युक्ति सांपडली, तेव्हां तो दिव्याच्या उपयोगीं आला. मोटार हांकण्यापूर्वीं चालकानें डब्यांत कार्बाईड भरावें, पाण्याची तोटी सोडावी, कांच उघडून काडी लावावी, आणि परतल्यावर राख उपसावी, असा तो खटाटोप होता. आज वाशीच्या फळबाजारांत हाच पदार्थ आंबे कृत्रिम रीतीनें पिकविण्याच्या अपराधाशीं निगडित म्हणून लोकांस ठाऊक आहे, व त्या कामीं त्याचा वापर कायद्यानें बंद आहे. एके काळीं त्यानेंच मोटारींना वाट दाखविली होती, हें बाजारांत वावरणाऱ्या किती जणांस ठाऊक असेल?

१९१२ सालीं अमेरिकेंत कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग यानें विजेनें इंजिन सुरू करण्याची व विजेचेच दिवे लावण्याची सोय एकदमच करून दिली, आणि कार्बाईडचें युग मावळूं लागलें. तीनच वर्षांनीं, १९१५ मध्यें, बोरघाटाच्या पायथ्याशीं खोपोली येथें टाटांचें जलविद्युत् केंद्र सुरू झालें. घाटावर सांठविलेल्या पाण्यापासून निघालेली वीज मुंबईच्या गिरण्यांकडे धांवूं लागली. त्या तारांच्या खालून जाणारी सडक मात्र काळोखांतच राहिली. दिव्याखालीं अंधार ही म्हण इतकी अक्षरशः खरी झालेली आम्हीं क्वचितच पाहिली आहे.

विजेच्या दिव्याबरोबर एक नवा उपद्रव जन्मास आला. तो समजण्यासाठीं दिव्याची रचना थोडी पाहिली पाहिजे. मोटारीच्या दिव्यामागचा आरसा परवलयाकार असतो. त्या आकाराच्या नाभीवर प्रकाशाचा बिंदु ठेवला तर सर्व किरण समांतर होऊन सरळ पुढें जातात आणि लांबवर झोत पडतो. ज्योत मोठी व हलती असते; ती नाभीवर मावत नाहीं. विजेची तापलेली तार मात्र बारीक असल्यामुळें नाभीवर नेमकी बसते. म्हणून विजेचा झोत दूरवर गेला, आणि म्हणूनच तो समोरच्याच्या डोळ्यांतही नेमका गेला. जो गुण तोच दोष झाला.

यावर युक्ति निघाली ती १९२० ते १९३० या दशकांत. एकाच गोळ्यांत दोन तारा बसविण्यांत आल्या. एक नाभीवर, लांबच्या झोतासाठीं. दुसरी नाभीच्या किंचित् पुढें, आणि तिच्या खालीं एक चिमुकली धातूची वाटी. या वाटीमुळें दुसऱ्या तारेचा प्रकाश आरशाच्या केवळ वरच्या अर्ध्या भागावर पडतो व तेथून परावर्तित होऊन खालीं, रस्त्यावर उतरतो. आपल्या ट्रकवाल्यांच्या भाषेंतला अप्पर आणि डिप्पर तो हाच. मशालजी ज्या हातानें मशाल बाजूला करी, त्या हाताची जागा या वाटीनें घेतली, असें म्हटलें तर तें वावगें होणार नाहीं. पुढें या वाटीची एक कड तिरपी करून आपल्या कडेच्या बाजूस प्रकाश थोडा वर चढावा अशीही तजवीज झाली. आपल्याकडे वाहनें डावीकडून चालतात, म्हणून ही चढण डावीकडे असली पाहिजे. उजवीकडून वाहनें चालणाऱ्या देशांसाठीं केलेला दिवा येथें आणून बसविला तर तो नेमका समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो.

दिव्याची शक्ति जसजशी वाढत गेली तसतशी तिला वेसण घालण्याची खटपटही देशोदेशीं झाली. फ्रान्सनें १९३६ मध्यें पिवळ्या दिव्यांचा नियम केला, आणि तो १९९३ पर्यंत टिकला. अमेरिकेंत १९४० च्या गाड्यांपासून सात इंच व्यासाचा, आरसा, भिंग आणि तार एकत्र सांधलेला बंद दिवा सर्वत्र सारखाच लावण्याचें ठरलें. तार जळाली कीं सारा दिवा फेंकून द्यावा लागे, हें खरें. पण आरसा गंजत नसे आणि कोणत्याही गांवीं बदली दिवा मिळे. त्या निर्णयाचे उपकार आजही जाणवतात. जीप, ॲम्बॅसॅडर, पद्मिनी या आपल्या जुन्या गाड्यांचे वाटोळे दिवे त्याच सात इंची मापाचे असल्यामुळें त्यांच्या मालकांना आज निवड करण्यास वाव आहे. ज्या गाड्यांचे दिवे पुढें ज्याच्या त्याच्या तोंडवळ्याप्रमाणें निरनिराळे झाले, त्यांच्या म्हाताऱ्या वयांत त्यांना असा सोयरा मिळणें कठीण आहे.

आपल्याकडे हिंदुस्थान सरकारनें १९१४ मध्यें मोटारींसंबंधीं कायदा केला. त्याच्या जागीं १९३९ चा व पुढें १९८८ चा कायदा आला. दुसऱ्या महायुद्धांत आणि पुन्हां १९७१ च्या युद्धांत मुंबईनें काळोखाचे नियम पाळले; दिव्यांच्या कांचांना काळा रंग वा कागद लागला. युद्ध नसतांनाही, दिव्याच्या वरच्या अर्ध्या भागाला काळा पट्टा किंवा मध्यभागीं काळा ठिपका लावण्याची चाल आपल्या रस्त्यांवर पुष्कळ वर्षें होती. ट्रकांच्या पाठीवर रात्रीं डिपर वापरण्याची विनंति रंगविलेली आजही दिसते. विनंति इतक्या ठिकाणीं लिहावी लागते, यावरून ती किती पाळली जाते हें कळण्यासारखें आहे.

१९७० च्या मार्चमध्यें सिडकोची स्थापना झाली आणि १९७३ मध्यें ठाणें खाडीवर वाशीचा पूल खुला झाला. त्या दिवसापासून पुण्याच्या वाटेचा वळसा सुटला व खाडीपलीकडचा काळोख हळूहळू मागें हटूं लागला. मिठागरांच्या जागीं सोडियमच्या पिवळ्या दिव्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. २००२ मध्यें कळंबोलीपासून पुण्याकडे जाणारा द्रुतगति मार्ग पूर्ण झाला. त्याच्या दुभाजकांत झुडपें लावलेलीं आहेत, तीं केवळ शोभेचीं नव्हेत. समोरच्या बाजूचा झोत अडविणें हें त्यांचें मुख्य काम आहे. जुन्या सडकेवर मात्र बऱ्याच ठिकाणीं असा आडोसा नाहीं. तेथें दोन प्रवाशांमध्यें त्या चिमुकल्या वाटीखेरीज दुसरें कांहीं नसतें.

या काळांत दिव्याची जातही बदलत गेली. १९६२ मध्यें युरोपांत हॅलोजनचा गोळा निघाला. साध्या गोळ्यांत टंगस्टनच्या तारेची वाफ होऊन ती कांचेवर बसते. कांच काळी पडते व तार झिजते. गोळ्यांत आयोडीन वा ब्रोमीन यांचा अंश भरला तर उडालेलें टंगस्टन त्याच्याशीं संयोग पावून पुन्हां तारेवरच येऊन बसतें. यामुळें तार अधिक तापवितां येते व प्रकाश वाढतो. १९७१ मध्यें याच तत्त्वाचा, दोन तारांचा व वाटीचा एच-फोर नांवाचा गोळा आला. १९९१ मध्यें झेनॉन वायूचे दिवे मोटारींत आले. निळ्या एलईडीचा शोध लावणारे आकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या निळ्या प्रकाशावर पिवळ्या भुकटीचा लेप देऊन पांढरा प्रकाश करितात, आणि तोच आज नव्या गाड्यांच्या कपाळीं झळकतो.

आतां स्नेह्यांच्या प्रश्नाकडे वळूं. दुकानदारानें सुचविलेला एलईडीचा गोळा हें कांहीं वाईट यंत्र नव्हे. दोष आहे तो सोयरिकीचा. पद्मिनीचा आरसा व भिंग हीं बारीक तारेसाठीं आंखलेलीं आहेत. एलईडीच्या चकत्या एका धातूच्या पट्टीच्या दोन बाजूंना बसवाव्या लागतात, कारण त्यांची उष्णता मागें वाहून न्यावी लागते. त्या पट्टीला जाडी असते, आणि प्रकाशाचा उगम तार जेथें होती तेथून सरकतो. परवलयाच्या नाभीपासून उगम किंचित् हलला तरी दूरवर त्याचा फरक मोठा होतो. खालच्या झोताची वरची कड, जी स्वच्छ आडव्या रेघेसारखी असावी, ती फिसकटते व प्रकाश वर सांडतो. चालकास मात्र वाटतें कीं आपल्याला फार दिसतें, कारण गाडीच्या पुढ्यांतले दहा-पंधरा हात लख्ख उजळलेले असतात. त्या लखलखाटानेंच डोळ्याची बाहुली आकुंचन पावते आणि लांबचें कमी दिसूं लागतें. ज्याला दुकानांतील भिंतीवर विजय म्हणतात, तो रस्त्यावर पुष्कळदां पराजय असतो.

पावसाळ्यांत हा प्रकार अधिक घातक होतो. कोरड्या डांबराचा पृष्ठभाग खरबरीत असल्यामुळें त्यावर पडलेल्या प्रकाशाचा कांहीं भाग चालकाकडे परत येतो व रस्ता दिसतो. पाऊस पडला कीं खांचाखोंचा पाण्यानें भरतात आणि रस्त्याचा आरसा होतो. मग प्रकाश परत न येतां पुढें उसळतो. म्हणजे दिवा जितका प्रखर, तितका रस्ता कमी आणि समोरच्याचे डोळे अधिक, असा उलटा हिशेब होतो. घाटांतल्या धुक्यांत वर सांडलेला प्रकाश पाण्याच्या कणांवर आपटून आपल्याच डोळ्यांपुढें पांढरा पडदा उभा करतो.

दिपलेल्या डोळ्याचा हिशेबही मांडून पाहूं. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें १७ मीटर पुढें जाते. दिपलेला डोळा सांवरण्यास तीनच सेकंद लागले असें धरलें, तरी तेवढ्यांत गाडी ५० मीटर अंधपणें धांवलेली असते. वृद्धाच्या डोळ्यांस सांवरण्यास तरुणाहून अधिक वेळ लागतो. आमचे स्नेही ज्या शस्त्राचा वार सोसत होते, तेंच ते हातीं घेणार होते. आणि त्यांच्या समोरून येणारा माणूसही कदाचित् सत्तरीचाच असेल, ही गोष्ट त्यांच्या लक्षांत आलेली नव्हती.

पण ही अर्धीच बाजू झाली. समोरच्याचा विचार करा, एवढेंच सांगून आम्ही उठलों असतों तर तें कोरडें पांडित्य ठरलें असतें. उतारवयांत डोळ्यास प्रकाश खरोखरच अधिक लागतो, व त्यांच्या दिव्यांचा प्रकाश खरोखरच कमी होता. तेव्हां तो कां कमी होता हें पाहण्यास आम्ही एका जुन्या गाड्यांच्या कारागिरास घेऊन बसलों. गाडींत ४५ व ४० वॅटचा जुन्या जातीचा गोळा होता. खालच्या झोतासाठीं तो नवा असतांना सुमारें ६७५ ल्यूमेन प्रकाश देतो; त्याच कामीं एच-फोर सुमारें १००० देतो, आणि वरच्या झोतांत हें प्रमाण ८६० व १६५० असें पडतें. परंतु मुख्य चोर निराळाच निघाला. दिव्यापर्यंत जाणाऱ्या तारा जुन्या, बटणाचे सांधे गंजलेले. बॅटरीपाशीं असलेला दाब दिव्यापाशीं पोहोंचेपर्यंत दहावा हिस्सा गळत होता. तार तापून प्रकाश देणाऱ्या दिव्यांत दाब दहा टक्के घटला तर प्रकाश सुमारें तीस टक्के घटतो. शिवाय खाडीच्या खाऱ्या हवेनें आरशाची झिलई उडालेली, व कांचेवर वर्षांचें कीट. दिव्याला नवा गोळा हवा होता यापेक्षां त्याला पोटभर अन्न आणि स्नान हवें होतें, हें म्हणणें अधिक खरें.

बाजारांत १०० व ९० वॅटचेही गोळे मिळतात, आणि जुन्या गाडीवाल्यांस त्यांचा मोह फार. दोन्ही दिवे मिळून त्यांना वरच्या झोतांत सोळा-सतरा अँपिअर प्रवाह लागतो. तो जुन्या बटणांतून ओढला तर बटण वितळतें, उष्णतेनें आरसा करपतो, आणि जुन्या डायनामोची दमछाक होते. ६० व ५५ वॅटच्या एच-फोरला सुमारें दहाच अँपिअर पुरतात, आणि तेही रिले नांवाच्या लहानशा उपकरणाद्वारें जाड तारेनें थेट बॅटरीपासून दिले तर जुन्या बटणावर भार पडत नाहीं. दुसरा मार्ग आहे तो सबंध सात इंची एलईडीचा दिवा, ज्याचा आरसा व भिंग त्याच्या स्वतःच्या प्रकाशासाठींच आंखलेलीं असतात. तो चांगल्या प्रतीचा, प्रमाणित व डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठीं केलेला असला, तर त्यावर आमचा आक्षेप नाहीं. फक्त जुन्या गाडीचा चेहरा त्यानें बदलतो. स्नेह्यांना तो चेहरा बदलणें नको होतें.

कायदा याबाबतींत काय म्हणतो, तेंही आम्हीं पाहिलें. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें पुढच्या दिव्याचा प्रकाश असा खालीं वळलेला असला पाहिजे कीं आठ मीटर अंतरावर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या माणसाचे डोळे त्यानें दिपूं नयेत. नियमाच्या या रुक्ष भाषेंत आम्हांस एक जिवंत माणूस उभा दिसला. दीड मीटर ही सामान्य मनुष्याच्या डोळ्यांची उंची. कायदा करणारांनीं दिव्यापुढें कोणी तरी माणूस उभा आहे अशी कल्पना करून, त्याच्या बाजूनें नियम लिहिला आहे. उलट, १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू असेतोंपर्यंत दिवसाही जळत राहावा असें ठरलें. तेथें हेतु पाहण्याचा नसून दिसण्याचा आहे. बैलगाडीच्या आंसाखालचा कंदीलच तेथें नव्या रूपानें परत आला आहे.

अखेर निकाल ठरला. वाटोळी कांच तीच. आरसा नव्या झिलईचा. गोळे ६० व ५५ वॅटचे एच-फोर. तारा जाड, रिले दोन, सांधे सर्व घासून स्वच्छ. योगायोग असा कीं काम पुरें झालें त्या दिवशीं आषाढी अमावास्या होती. घरांतील समया, निरांजनें घासून पुसून पाटावर मांडण्याचा हा दिवस. ऐन पावसाच्या व काळोखाच्या तोंडावर दिव्यांची निगा करण्याची ही आपली जुनी रीत. स्नेह्यांच्या पत्नीनें गाडीच्या दिव्यांनाही हळदकुंकू वाहिलें. आम्हांस हंसूं आलें खरें, पण नंतर वाटलें, यांत हंसण्यासारखें काय आहे? या दिव्यांवर दोन कुटुंबांचा जीव अवलंबून असतो : एक गाडींत बसलेलें, आणि एक समोरून येणारें.

त्या संध्याकाळीं सोसायटीच्या भिंतीपासून दहा मीटरवर गाडी सपाट जमिनीवर उभी केली. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनें आंखली, आणि तिच्याखालीं दहा सेंटिमीटरवर दुसरी रेघ ओढली. खालच्या झोताची कड त्या दुसऱ्या रेघेवर येईपर्यंत कारागीर स्क्रू फिरवीत होता. हें काम अर्ध्या तासाचें, जवळजवळ फुकटचें, आणि आमच्या समजुतीप्रमाणें सर्वांत महत्त्वाचें. नवे दिवे घेणारांपैकीं फारच थोडे तें करून घेतात.

आठ दिवसांनीं स्नेही खोपोलीहून रात्रीं परतले. पाऊस होता. आम्हीं विचारलें, "काय दिवे लावलेत?" ते म्हणाले कीं, आतां कडेचा पांढरा पट्टा दिसतो, खड्डा वेळेवर दिसतो, समोरच्यांचा झोत मात्र पूर्वीसारखाच डोळ्यांत जातो, त्याला इलाज नाहीं. मग थोडें थांबून म्हणाले, "पनवेलच्या अलीकडे एका ट्रकवाल्यानें मला पाहून डिपर दिला. मींही दिला. तेवढ्यापुरता दोघांनाही रस्ता दिसला."

समोरचा आंधळा करतो म्हणून आपणही करावें, या न्यायानें चाललें तर प्रत्येक रात्रीं सगळे दिवे वाढत जातील आणि सगळ्यांचेंच दिसणें घटत जाईल. कोणी तरी पहिल्यानें मशाल बाजूला धरावी लागते. पूर्वीं तें काम पगारी माणूस करीत असे. आतां तें गाडी चालविणाऱ्यासच करावें लागतें.